पेन्सिल्व्हेनियाचं मेडिकल असिस्टन्स आणि मधला तो 'प्लॅन': चार वर्षं वापरून लिहितेय

स्टार आधीच देऊन टाकते, घाईत असाल तर तेवढं वाचून पुढं जा. सरकारी योजनेला पाचपैकी पाच. योजना आणि आमच्या मधोमध जी इन्शुरन्स कंपनी बसवलीय तिला अडीच, आणि त्यातला एक अख्खा स्टार तिथल्या एका नर्सबाईंचा आहे, कंपनीनं उगाच छाती फुगवू नये.

आम्ही फिलाडेल्फियाच्या बाहेर राहतो. नवरा आयटीत, मी अर्धवेळ काम करते, मुलगा सात वर्षांचा, त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. चालत नाही, बोलणं थोडं, हसणं भरपूर. त्याच्या जन्मापासून तीन वर्षं आम्ही फक्त कंपनीच्या इन्शुरन्सवर काढली आणि डिडक्टिबल, को-पे, थेरपीच्या व्हिजिट संपल्या की खिशातून, असं करत करत (डिडक्टिबल म्हणजे विमा भरायला लागण्याआधी आपण भरायची रक्कम, को-पे म्हणजे दर भेटीला आपण द्यायचे पैसे) बचतीला कुठं भोक पडलंय तेच कळेना. मेडिकेड ही सरकारी आरोग्ययोजना म्हणजे गरिबांसाठी, आपला काय संबंध, हे डोक्यात पक्कं. मग मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या लाइनीत एक ताई भेटल्या, त्यांचीही मुलगी स्पेशल नीड्स, त्या म्हणाल्या, "अगं पीएच-९५ नाही केलंस अजून? तुमचा पगार बघतच नाहीत." मी मोदक हातात धरून तशीच उभी.

तर हे पीएच-९५ म्हणजे पेन्सिल्व्हेनियाच्या मेडिकल असिस्टन्समधली एक कॅटेगरी. (मेडिकेडलाच इथं मेडिकल असिस्टन्स म्हणतात, बोलताना सगळे एमए म्हणतात, आईला मी सांगितलं की नातवाचं एमए झालं, तिनं पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते.) मूल १८ च्या आतलं असेल आणि अपंगत्व केंद्राच्या सोशल सिक्युरिटी खात्याच्या व्याख्येत बसत असेल तर आईबापाचं उत्पन्न पात्रतेत धरत नाहीत. फॉर्ममध्ये पगार विचारतात मात्र, ते बघून बरेच जण तिथंच घाबरून टॅब बंद करतात. करू नका. अर्ज कंपास नावाच्या साइटवर, नाव ऐकून मला शाळेची कंपासपेटी आठवली आणि साइटपण साधारण त्याच काळातली वाटते. आमचा मुलगा इथं जन्मलेला, सिटिझन, त्यामुळं त्याच्या पात्रतेत काही खोट नव्हती. तुम्ही स्वतः व्हिसावर असाल आणि याचा ग्रीन कार्डवर परिणाम होईल अशी भीती वाटत असेल तर व्हॉट्सॅप ग्रुपला विचारण्यापेक्षा वकिलाला विचारा, आम्ही तेच केलं.

अर्ज मंजूर झाला, ॲक्सेस कार्ड आलं, आम्ही खूश. दोन दिवसांनी एक जाडजूड पाकीट आलं, त्यात प्लॅन निवडा, डॉक्टर निवडा असं काय काय. मला वाटलं जाहिरात आहे. इथं पोस्टात येणारं निम्मं जाहिरातच असतं ना. फेकलं रिसायकलमध्ये. महिन्याभरात अजून एक कार्ड आलं, कुठल्यातरी कंपनीचं, वर मुलाचं नाव आणि एका डॉक्टरचं नाव जे आम्ही आयुष्यात ऐकलेलं नव्हतं. नंतर कळलं की तुम्ही निवडलं नाही तर ते आपलं आपण नेमून देतात. आपल्याकडच्या वधूवर मंडळात निदान फोटो तरी दाखवतात.

कंपनीचं नाव मी इथं लिहिणार नाही. आमच्या भागात चारपाच प्लॅन आहेत, ग्रुपमधल्या बाकीच्यांचे अनुभव ऐकले तर उन्नीसबीस सारखेच, आणि माझं म्हणणं एका कंपनीबद्दल नाहीच मुळात, त्या रचनेबद्दल आहे.

रचना समजायला मला वर्ष लागलं. समजली ती पुण्याच्या मेसमुळं. मी कॉलेजला असताना सदाशिव पेठेत एका काकूंच्या मेसला जेवायचे, महिन्याचे पैसे आगाऊ. हॉटेलवाला प्लेटमागं पैसे घेतो म्हणून तो आग्रह करून वाढतो, अजून एक घ्या, स्वीट डिश घ्या. मेसवाल्या काकूंना महिन्याचे पैसे मिळालेलेच असतात, त्यामुळं पाचवी पोळी मागितली की काकू आधी तुमच्याकडं बघायच्या, मग पोळीकडं, मग परत तुमच्याकडं. वाईट बाई नव्हत्या हो. आजारी पडले तर खिचडी करून द्यायच्या, कारण आजारी मुलगी जास्त दिवस आजारी राहिली तर त्यांनाच त्रास. पण पोळ्या मोजायच्या.

मॅनेज्ड केअर म्हणजे हेच. आधी सरकार डॉक्टरांना थेट प्लेटमागं पैसे द्यायचं. आता सरकार प्लॅनला दर महिन्याला डोक्यामागं ठरलेली रक्कम देतं, आणि त्यात तुमचं जेवण बसवायची जबाबदारी प्लॅनची. उरलं तर त्यांचं, कमी पडलं तर त्यांचं. केंद्राचा २०१६ चा एक नियम आहे की हे दर ठरवताना निदान ८५ टक्के पैसा औषधोपचारावर जाईल असं धरून ठरवायचे, म्हणजे काकूंना सांगितलंय की रुपयातले ८५ पैसे किराण्यावर घाला. बरं आहे. पण पोळी मोजायचं कारण राहतंच.

आमच्या पिडिएट्रिशियनच्या ऑफिसात बिलिंगला एक म्हाताऱ्या बाई आहेत, आता रिटायर होतील, त्यांनी हे सगळं बदलताना बघितलंय. फेब्रुवारी १९९७ मध्ये फिलाडेल्फिया आणि आजूबाजूच्या मिळून पाच काउंट्यांत (इथले जिल्हेच) हे सुरू झालं, हेल्थचॉइसेस नाव, आणि सक्तीचं, म्हणजे मला प्लॅन नको जुनंच राहू दे असं म्हणायची सोय नाही. मग पिट्सबर्गकडं, मग मधल्या भागात, करत करत २०१३ पर्यंत राज्यातल्या सगळ्या ६७ काउंट्या. वृद्ध आणि घरी मदतनीस लागणाऱ्या मोठ्या माणसांना २०१८ ते २०२० मध्ये टप्प्याटप्प्यानं वेगळ्या कम्युनिटी हेल्थचॉइसेसमध्ये आणलं. मी त्यांना विचारलं, आधी बरं होतं का? मला वाटलं बाई उसासा टाकणार. त्या म्हणाल्या, छे गं, आधी कार्ड एकच होतं पण ते बघितल्यावर निम्मे स्पेशालिस्ट अपॉइंटमेंटच देत नव्हते, सरकारचे रेट इतके कमी, आणि पेशंटनं भांडायचं कोणाशी, हॅरिसबर्गला, राज्याच्या राजधानीला फोन करून? आता निदान एक कंपनी आहे जिला नेटवर्क, म्हणजे तिच्याशी करार केलेले डॉक्टर, दाखवावं लागतं आणि जिचा फोन कोणीतरी उचलतं. फक्त माझं काम तिप्पट झालं, दर प्लॅनचा फॉर्म वेगळा.

हे ऐकल्यावर माझा राग थोडा खाली आला, थोडाच.

आता चांगलं काय ते आधी, कारण ते खरंच चांगलं आहे. कंपनीचा इन्शुरन्स पहिला, एमए दुसरा, म्हणजे पहिल्यानं भरून उरलेलं बिल याच्याकडं जातं. दोन्हीकडं चालणारा डॉक्टर असेल तर डिडक्टिबल, को-पे हे शब्द विसरायचे. अठराच्या आतल्या मुलांना एमएचा को-पे नाहीच. दात, डोळे, ऐकण्याची तपासणी सगळं यात. आणि २१ वर्षांखालच्या मुलांसाठी केंद्राच्या कायद्यातच एक तरतूद आहे, १९६७ पासूनची, ईपीएसडीटी म्हणतात, १९८९ पासून तिचा अर्थ असा की मुलाला वैद्यकीय गरज असेल ते द्यायचंच, मोठ्यांच्या यादीत नसलं तरी. हा शब्द पाठ करा. फोनवर हा शब्द उच्चारला की पलीकडच्या माणसाच्या आवाजात फरक पडतो, मी स्वतः ऐकलाय.

डायपर. हे कोणी सांगत नाही म्हणून मी सांगते. मूल तीन वर्षांचं झाल्यानंतरही अपंगत्वामुळं डायपर लागत असतील तर डॉक्टरच्या प्रिस्क्रिप्शनवर ते मिळतात, दर महिन्याला पोर्चवर खोके. पहिले खोके आले तेव्हा मी अक्षरशः रडले. आणि मग उघडले तर मोठ्या माणसांचे, साइज मीडियम, माझ्या पोराला दोनदा गुंडाळता येतील एवढे. फोन केला, तर म्हणाले परत घेता येत नाहीत पण पुढच्या महिन्यात बरोबर पाठवतो. पुढच्या महिन्यात परत तेच. तिसऱ्या महिन्यात बरोबर आले आणि निम्मेच आले. गॅरेजमध्ये अजून चार पाकिटं आहेत, मंडळात कोणाच्या आजीआजोबांना लागत असतील तर घेऊन जा.

औषधांचं आता बरं झालंय. २०२० पासून सगळ्या प्लॅनांना राज्याची एकच ठरलेली औषधांची यादी आहे, त्यामुळं अमुक प्लॅनमध्ये हे औषध बसतं, तमुकमध्ये नाही, हा जुना खेळ बराचसा गेला. कोणी तुम्हाला औषधासाठी प्लॅन बदला म्हटलं तर आधी हे तपासा. प्लॅन बदलता येतो, आणि या राज्यात ती सोय बाकी ठिकाणांपेक्षा मोकळी आहे, पण डॉक्टरांचं नेटवर्क बघून बदला. आणि ते नेटवर्क वेबसाइटवर बघू नका, डॉक्टरच्या ऑफिसात फोन करून विचारा. वेबसाइटवर मला मुलांचे सात न्यूरॉलॉजिस्ट दिसले. एक रिटायर झालेला, दोघं फक्त मोठ्यांना बघणारे, एक दुसऱ्या राज्यात गेलेला, एका नंबरवर टायरचं दुकान लागलं. उरलेल्या दोघांकडं वेटिंग, एकाकडं पाच महिने, एकाकडं नवे पेशंट बंद.

आणि हो, डोकं एका कंपनीकडं आणि बाकीचं शरीर दुसऱ्या कंपनीकडं. म्हणजे खरंच. मानसिक आणि वर्तनाशी संबंधित उपचार इथं काउंटीनिहाय वेगळ्या प्लॅनमार्फत मिळतात (फिलाडेल्फिया शहरानं तर त्यासाठी स्वतःचीच ना-नफा संस्था काढली). ऑटिझमवाल्या घरांना याचा जास्त उपयोग आणि जास्त डोकेदुखी. आमचा संबंध एकदाच आला, मुलगा रात्री ओरडून उठायचा तेव्हा, दोन्ही कंपन्या एकमेकींकडं बोट दाखवत बसल्या की हे न्यूरॉलॉजी की बिहेवियर. तोवर त्याचं ते आपोआप थांबलं.

आता व्हीलचेअर. मुळात हा रिव्ह्यू मी त्यासाठीच लिहायला घेतला.

पोरगं स्ट्रोलरमध्ये मावेना. फिजिकल थेरपिस्टनं फेब्रुवारीत मापं घेतली, व्हेंडरचा माणूस टेप घेऊन आला, मांडीची लांबी, पाठीची उंची, कंबर किती, पोराला गुदगुल्या होत होत्या, तो खिदळत होता. हवी होती ती टिल्टवाली खुर्ची, म्हणजे बसल्या आकारातच अख्खी सीट मागं कलते. हे चैनीसाठी नाही. तो ताठ बसून दहा मिनिटांनी पुढं गळतो, मान पडते, आणि भरवताना मान पडली की ठसका लागतो. थेरपिस्टनं चार पानी पत्र लिहिलं, लेटर ऑफ मेडिकल नेसेसिटी, इतकं सुंदर की मला वाटलं फ्रेम करावं. डॉक्टरची सही. व्हेंडरचं कोटेशन.

आधी पहिल्या इन्शुरन्सकडं पाठवा, त्यांचा नकार येऊ दे, मग आमच्याकडं या, असं प्लॅनचं म्हणणं. नियमच आहे तो, मेडिकेड सगळ्यात शेवटी भरणार. पहिल्यानं पाच आठवडे लावून नाही म्हटलं. ते नकाराचं पत्र घेऊन आम्ही अशा आनंदात प्लॅनकडं गेलो जसं काही बोर्डाचं मार्कशीट. प्लॅननं सांगितलं कागद अपुरे. कुठला कागद? फॅक्समधलं तिसरं पान नाही आलं. परत फॅक्स. मग सांगितलं डॉक्टरची सही ९० दिवसांपेक्षा जुनी झाली. अहो तुमच्याचमुळं झाली ना! नव्यानं सही. केंद्राचा तेव्हाचा नियम होता की अशा आगाऊ मंजुरीचा (याला प्रायर ऑथ म्हणतात) साधा निर्णय १४ दिवसांत द्यायचा, २०२४ मध्ये ठरलेल्या नव्या नियमानुसार २०२६ पासून सात दिवसांत, ऐकायला छान, पण कागद अपुरे म्हटलं की ते घड्याळ कुठं चालू होतं आणि कुठं बंद पडतं हे त्या घड्याळालाच माहीत.

मग पत्र आलं. टिल्टची वैद्यकीय गरज नाही. साधी खुर्ची मंजूर.

मागं पंधरा भाषांत एकेक ओळ, मोफत दुभाषी मिळेल म्हणून. गुजराती होती, पेन्सिल्व्हेनिया डच होती, ख्मेर होती, मराठी नव्हती. रागातही मी शोधली हो. (पण फोनवर मागितला तर मराठी दुभाषी मिळतो, सासूबाई इथं होत्या तेव्हा मी ऑफिसात आणि त्यांनी एकटीनं डायपरवाल्यांना फोन लावला, पलीकडून एक बाई शुद्ध वऱ्हाडीत बोलायला लागल्या, पंधरा मिनिटांत डायपरचं काम झालं आणि पुढची वीस मिनिटं दोघी यवतमाळच्या उन्हाळ्यावर बोलत होत्या. प्लॅनच्या खर्चानं. ते मी त्यांच्या ८५ टक्क्यांत धरते.)

डॉक्टर म्हणाले मी त्यांच्या डॉक्टरशी बोलतो, याला पीअर टू पीअर म्हणतात. प्लॅननं वेळ दिली मंगळवारी बारा ते साडेबारा, तेव्हा आमचे डॉक्टर ओपीडीत. दुसरी वेळ दिली, फोन आलाच नाही. तिसऱ्यांदा बोलणं झालं तर पलीकडचे डॉक्टर मुलांचे नाहीतच, आणि त्यांनी विचारलं की मुलगा साध्या खुर्चीत उशी लावून नाही का बसू शकत. आमचे डॉक्टर एरवी फार सौम्य माणूस आहेत. त्या दिवशी नव्हते.

आता इथं एक गंमत, जी मराठी माणसालाच कळेल. दाद मागायची तर इथं दोन वेगळे रस्ते. एकाचं नाव कम्प्लेंट, दुसऱ्याचं ग्रीव्हन्स. म्हणजे एक तक्रार आणि एक गाऱ्हाणं! सेवा वाईट मिळाली, किंवा ही गोष्ट योजनेतच बसत नाही म्हणाले, तर तक्रार. वैद्यकीय गरज नाही म्हणाले तर गाऱ्हाणं. चुकीच्या खिडकीवर गेलात तर तुम्हाला दुसऱ्या खिडकीवर पाठवतात, अगदी तहसील कचेरी. पत्राच्या तारखेपासून ६० दिवसांत करायचं, आणि आधीपासून चालू असलेली सेवा कापत असतील तर ६० दिवसांची वाट बघूच नका, त्याची मुदत खूप कमी असते, ती पत्रात लिहिलेली असते, पाकीट आल्याच्या दिवशी फोडा. मला हे सगळं पेन्सिल्व्हेनिया हेल्थ लॉ प्रोजेक्टच्या हेल्पलाइनवर कळलं, फुकट कायदेशीर मदत देणारे लोक आहेत, त्यांना या रिव्ह्यूत वेगळे पाच स्टार.

आणि या सगळ्यात त्या नर्सबाई. प्रत्येक प्लॅनला इथं आमच्यासारख्यांना मदत करायला एक वेगळा विभाग ठेवावा लागतो, तेव्हा त्याचं नाव स्पेशल नीड्स युनिट, राज्याची अट आहे, आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. मी चुकून तिथं ट्रान्सफर झाले. बाई म्हणाल्या, मी कंपनीचा निर्णय बदलू शकत नाही पण तुम्हाला काय मागायचं ते सांगते. कुठल्या निकषावर नाकारलं ती प्रत लेखी मागा. तुमच्यासाठी फुकट असते. मागितली. त्यात स्पष्ट लिहिलेलं की स्वतःचं वजन स्वतः सरकवता येत नसेल तर टिल्ट मान्य. म्हणजे त्यांच्याच नियमात आमचा मुलगा बसत होता, कोणी वाचलं नव्हतं, किंवा वाचून पोळी मोजली होती.

गाऱ्हाण्याची सुनावणी फोनवर. समितीत तीन जण, त्यात एक डॉक्टर असावाच लागतो. मी डायनिंग टेबलवर कागद पसरून, शेजारी थेरपिस्ट दुसऱ्या लाइनवर, गॅसवर कुकर, आणि नेमकी शिट्टी झाली तेव्हा त्यांनी विचारलं इज एव्हरीथिंग ओके. मी निकषांची प्रत वाचून दाखवली. मग सांगितलं की एक वाटी वरणभात भरवायला मला पन्नास मिनिटं लागतात, एक हात त्याच्या कपाळावर आणि एक हात चमच्याला, आणि ठसका लागला की त्याचे ओठ कसे होतात. मी रडणार नाही ठरवलं होतं, नाही रडले. त्यातल्या एका बाईंनी विचारलं, वॉट इज वरण? मी म्हटलं, प्लेन लेंटिल्स, मॅडम, थिन. त्यांनी ते लिहून घेतलं असावं, टायपिंगचा आवाज आला.

तीन आठवड्यांनी पत्र. निर्णय फिरवला. पूर्ण मंजूर.

आनंद झालाच, पण दुसऱ्या दिवशी संताप आला. कारण कागद तेच होते, मुलगा तोच होता, नियम तोच होता, फक्त मी फोनवर तासभर बसू शकले, मला इंग्रजी येतं, मला सुट्टी काढता आली. दोन शिफ्टमध्ये काम करणारी बाई साधी खुर्ची घेऊन गप्प बसली असती ना. आणि हे माझ्या एकटीचं रडगाणं नाही. २०२३ मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याच्या इन्स्पेक्टर जनरलनं अहवाल काढला, २०१९ च्या आकड्यांवर, ११५ प्लॅन तपासले, तर मंजुरीसाठी आलेल्या दर आठ अर्जांतला एक नाकारलेला. बारा प्लॅन असे की चारातल्या एकाहून जास्त नाकारतात. आणि अनेक राज्यं त्या नकारांची नीट तपासणीच करत नाहीत असंही त्यात आहे. देशभरात मेडिकेडवाल्या चार जणांतले जवळपास तीन आज अशा प्लॅनांत आहेत.

नवरा म्हणतो मग सरकारनंच थेट चालवावं. कनेक्टिकटनं तेच केलं, २०१२ पासून या डोक्यामागं पैसे घेणाऱ्या कंपन्या काढून टाकल्या, राज्य स्वतः खर्च भरतं आणि व्यवस्थापनाचं काम तेवढं बाहेर देतं. उलट ॲरिझोना, सगळ्यात शेवटी १९८२ मध्ये मेडिकेडमध्ये आलं ते मुळात असे प्लॅन घेऊनच आलं. म्हणजे हे आकाशातून पडलेलं नाही, राज्यं ठरवतात. मी मात्र बिलिंगच्या बाईंचं ऐकल्यापासून एवढं ठाम बोलत नाही. थेट सरकारी कार्ड असतं तर कदाचित नकार आला नसता, पण कदाचित खुर्ची बसवून देणारा व्हेंडरच मिळाला नसता.

सोलापूरला माझ्या मामाची अँजिओप्लास्टी महात्मा फुले योजनेत झाली, तेव्हा मी तिथं होते, त्यामुळं तुलना होतेच. तिथं हॉस्पिटलच्या दारातच आरोग्यमित्र बसलेला, रेशनकार्ड दाखवलं, त्यानं मंजुरीचा अर्ज, म्हणजे प्री-ऑथ, ऑनलाइन टाकलं, दुसऱ्या दिवशी मंजूर. मामीला फोन करावा लागला नाही, फॅक्स तर माहीतच नाही. तिथं थाळीचा रेट ठरलेला, एवढ्या एवढ्या शस्त्रक्रियांची यादी आणि प्रत्येकीचं पॅकेज, २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झाली तेव्हा सोलापूर त्यातलंच. थाळीत जे आहे ते झटकन मिळतं. थाळीत नाही ते नाही, घरी आल्यावर कायम लागणारी औषधं, फिजिओ, वर्षानुवर्षं लागणारं काही, त्याला कोण विचारतो. माझ्या मुलाचं सगळं दुखणं त्या न विचारणाऱ्या भागातलं आहे. ती टिल्टची खुर्ची सोलापुरात कुठल्या थाळीत बसली असती? म्हणून इथं मी कंपनीला कितीही बोलले तरी योजनेला पाच दिलेत. पण एक मात्र आहे, दारात बसलेला आरोग्यमित्र इथं का नाही? त्या नर्सबाईंना पहिल्या दिवशीच का नाही भेटता येत? मी फेकलेल्या त्या जाड पाकिटात त्यांचा नंबर होता म्हणे, पान ४० च्या पुढं कुठंतरी.

अजून दोनचार गोष्टी, सुचतील तशा. दरवर्षी रिन्युअल असतं. करोनाच्या काळात तीन वर्षं कोणालाच काढून टाकत नव्हते, मार्च २०२३ नंतर ते संपलं आणि कागद न भरल्यामुळं खूप जणांचं बंद पडलं, ग्रुपमधल्या एकीचं पत्ता बदलल्यामुळं गेलं आणि तिला कळलं थेट फार्मसीच्या खिडकीवर. पत्ता बदलला की आधी तिथं कळवा, मग ॲमेझॉनला. फोनवर बोललात की तारीख, वेळ, माणसाचं नाव आणि कॉलचा रेफरन्स नंबर वहीत लिहा, माझी २०० पानी वही संपलीय. नकार तोंडी देत असतील तर म्हणा लेखी पाठवा, दाद मागताना तो कागद हाताशी लागतो. आणि तुमच्या नोकरीच्या इन्शुरन्सचा हप्ता सरकारला स्वस्त पडत असेल तर तो भरायचीही एक योजना आहे, एचआयपीपी, अर्ज करून बघा, मी अजून केला नाहीये, अंगात त्राणच नव्हतं.

खुर्ची शेवटी नोव्हेंबरात आली. जांभळी, त्यानंच रंग निवडला होता. व्हेंडरचा माणूस बसवायला आला, पोराला बसवलं, टिल्ट करून दाखवलं, पोरगं छताकडं बघून असं हसलं की मी व्हिडिओ करायचं विसरले. मग तो माणूस खाली वाकून पायाकडं बघत बसला. फेब्रुवारीतली मापं ना. नऊ महिन्यांत पोरगं दीड इंच वाढलं, पाय फूटरेस्टच्या पुढं. त्यानं पान्यानं जेवढं लांबवता येईल तेवढं लांबवलं आणि म्हणाला, अजून थोडं लागेल, वाढीव पार्ट मागवू या, काही नाही, साधं प्रायर ऑथ टाकायचं.